फाटकाला कुलूप आणि अडतीस सभ्य माणसं

कर्नल लँगस्टन फेब्रुवारीत गेले, आणि मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी त्यांच्या पुतण्याने लाईनच्या दोन्ही टोकांना लोखंडी फाटकं बसवून कुलपं घातली. मधले दिवस मी मोजले. तेवीस. सख्ख्या काकाच्या शोकाला एवढे पुरतात असं त्याचं मत असावं.

लाईन म्हणजे आमच्या जुन्या आगगाडीची वाट. रूळ उखडून साठ वर्षं होत आली, पण हेझलहोपमध्ये तिला दुसरं नाव कुणी ठेवलेलं नाही. सात मैल, सगळे लँगस्टनांच्या मालकीच्या ओक आणि बीचच्या जंगलातून. डोंगर आडवा आला तिथे बोगदा, ओढा आडवा आला तिथे कमानी, त्यामुळे आमच्या या चढउताराच्या मुलखात सत्तरीच्या माणसाला एकदाही न उतरता सायकल चालवता येईल अशी तेवढी एकच वाट. मोटारी नाहीत, धूर नाही. मेपासून सप्टेंबरपर्यंत कुठकुठले प्रवासी मागच्या चाकाला दोन्हीकडून पिशव्या लटकवून तिच्यावरून जात. बोगद्यात शिरले की एकजात सगळे ओरडून आपलाच आवाज ऐकत. माणूस कुठल्याही देशाचा असो, अंधारात तो सात वर्षांचा होतो.

दुसरा रस्ता आहे, डोंगराला वळसा घालून दुप्पट लांबीचा. त्याला बॅनरची चढण म्हणतात आणि तिच्यावरून दगडखाणीचे डंपर दिवसाला ऐंशी-नव्वद जातात. मी गावसभेचा चिटणीस आहे, ते आकडे माझ्याकडे असतात.

फाटक लागलं त्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता थेल्मा प्रॉबर्ट त्याच्यासमोर सायकल धरून उभी होती. वय एकाहत्तर. चाळीस वर्षं आमच्या पाच गावांची फिरती नर्स. गावातल्या बहुतेकांना तिने कधी ना कधी पालथं झोपवून सुई टोचलेली असल्यामुळे तिच्याशी कुणी फार ताठ्यात बोलत नाही. डोळे अधू झाले तेव्हा तिने मोटार विकून टाकली. तिची मोठी बहीण बेरिल लाईनच्या त्या टोकाला, ओल्डवीरच्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेली. दर गुरुवारी थेल्मा सायकलने जायची, बहिणीला स्वतःच्या हाताने जेवू घालायची आणि परत यायची. बेरिल दुसऱ्या कुणाच्या हातून धड खात नसे. ओल्डवीरची बस होती, ती बंद होऊन सहा वर्षं झाली.

थेल्मा तिथूनच लँगस्टनांच्या वाड्यावर गेली. मलाही बरोबर घेतलं, "साक्षीला" म्हणून.

पुतण्याचं नाव जुलियन. त्याने आम्हाला बसवलं, चहा दिला, आणि म्हणाला, "काकांच्या वेळी जे चाललं ते काकांच्या मर्जीने. मला जंगलात शिकारीसाठी फेझंट सोडायचेत. सायकली गेल्या की पाखरं बुजतात."

"तुला गालगुंड झालं होतं तेव्हा आठ दिवस मी येऊन शेकत होते," थेल्मा म्हणाली.

"त्याबद्दल मी खरंच आभारी आहे."

"आभार राहू देत. चावी दे."

चावी मिळाली नाही. बिस्किटं मिळाली.

त्या गुरुवारी ती बॅनरच्या चढणीने गेली. चढ ढकलत चढायला पाऊण तास आणि उतारावर दोन्ही ब्रेक दाबून जीव मुठीत. पोचली तेव्हा बेरिलचं ताट परत गेलं होतं. संध्याकाळी परत आली ती गुडघ्यापर्यंत चिखलाची, आणि थेट माझ्या दारात.

"ऑब्री, कायदा काय आहे ते शोधून काढ. मी रडायला आलेली नाही."

कायदा सांगायला जिल्हा कचेरीतून मिस ऑडली आली. वाटांचं खातं सांभाळणारी, तिशीची, चुणचुणीत मुलगी. गावच्या सभागृहात माणसं मावेनात. ती म्हणाली, एखाद्या वाटेवरून लोकांनी वीस वर्षं उघडपणे आणि सलग ये-जा केली असेल, तर ती वाट लोकांची होते. मालक कुणीही असो. फक्त पुरावा हवा. प्रत्येकाने एकेक अर्ज भरायचा: किती वर्षं, किती वेळा, कशासाठी, आणि आणखी काही प्रश्न. कर्नलनी कधी मनाईची पाटी लावली नव्हती, कचेरीत कसला हरकतीचा कागद दिला नव्हता. त्यांना कागदांचा कंटाळा होता.

सभागृहात आनंदीआनंद झाला. वीस वर्षं? आम्ही चाळीस वर्षं जातोय! बेकरीवालीने सगळ्यांना जिंजरब्रेड वाटला.

पुढचे तीन आठवडे थेल्मा घरोघर फिरली. ज्यांना लिहायचा आळस त्यांच्या टेबलाशी बसली, ज्यांना चष्मा सापडत नव्हता त्यांचा चष्मा शोधला. शेहेचाळीस अर्ज जमले. मी ते आडनावांप्रमाणे लावले, फीत बांधली, आणि आम्ही दोघं जिल्ह्याच्या गावी गेलो.

मिस ऑडलीने फीत सोडली आणि वाचायला लागली. वाचलेला प्रत्येक कागद ती एका गठ्ठ्यावर ठेवत होती. डावीकडचा गठ्ठा वाढत गेला. उजवीकडे फार थोडे होते. मला वाटलं, डावीकडचे चांगले.

"मिसेस प्रॉबर्ट," ती शेवटी म्हणाली, "तुमचं गाव फार सभ्य आहे हो."

"आम्हाला तसंच वळण आहे."

"तीच पंचाईत आहे. अकरावा प्रश्न बघा. तुम्ही मालकाची परवानगी कधी घेतली होती का?"

अकरावा प्रश्न मला पाठ होता, कारण माझं उत्तर मी आधी कच्चं लिहून मग पक्कं केलं होतं: 'होय. १९९७ साली कर्नलसाहेबांना टोपी काढून विचारलं. ते अत्यंत प्रेमाने म्हणाले, अवश्य.'

"लोकांनी हक्क असल्यासारखं जायला हवं," मिस ऑडली म्हणाली. "मालकाने मर्जीने जाऊ दिलं, तर तो हक्क नव्हे, मेहेरबानी झाली. मेहेरबानी कधीही काढून घेता येते. जुलियन लँगस्टन तेच तर म्हणतायत."

"म्हणजे विचारलं तो गेला?"

"विचारलं तो गेला. आभार मानले तोही बहुतेक गेलाच."

डावीकडे अडतीस होते. शाळामास्तरांनी कर्नलना दरवर्षी फुलांच्या प्रदर्शनाचं आमंत्रण दिलं होतं, 'वाटेच्या सौजन्याबद्दल'. बेकरीवालीने पाव पाठवले होते. पाद्रीबुवांनी तर चर्चमध्ये उभं राहून जाहीर आभार मानले होते, तारखेनिशी. सगळ्यांनी ते अर्जात मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं. आपण किती चांगलं वागलो हे सरकारला कळावं, ही संधी आमच्या गावातला माणूस सोडत नाही. आणि सगळ्यांत वरचा अर्ज थेल्माचा. सव्वीस वर्षं, दरवर्षी नाताळात प्लमच्या जॅमची एक बरणी आणि आभाराचं कार्ड.

उजवीकडच्या आठांपैकी पाच जण गावात नुकते राहायला आलेले. उरलेले तिघे फक्त उन्हाळ्यात जाणारे.

परतीच्या बसमध्ये मी हळूच म्हणालो, "अर्ज पुन्हा भरता येतील. अकराव्या प्रश्नाला 'नाही' लिहायचं. कोण बघायला येतंय?"

थेल्माने माझ्याकडे असं पाहिलं की मला सुईची आठवण झाली. "खाली सही करायची आहे, ऑब्री. आणि वर लिहिलंय, हे सर्व खरं आहे. मी माणसांची नाडी बघून कधी खोटा आकडा लिहिला नाही. आता लिहू?"

"मग?"

"मग जे उद्धट असतील त्यांना शोधायचं."

ती गंमत करत नव्हती. दुसऱ्या दिवशी ती चर्चमध्ये गेली आणि कपाटातून पाहुण्यांच्या वह्या काढून घरी घेऊन आली. आमच्याकडे चर्चच्या दारात एक वही असते. येणारा जाणारा तिच्यात नाव, गाव आणि दोन शब्द लिहितो. उन्हाचे, पावसाचे, थकलेले सायकलवाले तिथे हमखास टेकत. त्यांना कर्नल माहीत नव्हते, जॅम माहीत नव्हता. थेल्माने भिंग घेऊन वीस वर्षांच्या वह्या वाचल्या. 'ओल्डवीरहून जंगलातून आलो, बोगदा मस्त.' 'पाय गेले, पण वाट स्वर्गासारखी.' एकाने नुसतं 'चहा कुठे मिळतो?' एवढंच लिहिलं होतं. त्यालाही तिने पत्र लिहिलं. एकूण दोनशे बारा पत्रं. पंचाहत्तर उत्तरं आली, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्कॉटलंड, कुठूनकुठून, अर्ज नीट भरून. परवानगी घेतली होती का? 'कुणाची?' असं एका डच बाईने लिहिलं होतं. थेल्माने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "देव हिचं भलं करो."

दरम्यान गुरुवार येत होते. सुनावणीची तारीख लागायला चौदा महिने गेले. त्यांतले गुरुवार एकसष्ट. थेल्मा बॅनरच्या चढणीने त्रेपन्न वेळा गेली. चार वेळा बर्फ होता, तीन वेळा ताप. एकदा डंपरच्या वाऱ्याने ती सायकलसकट कुंपणात गेली. त्या दिवशी ओरखड्यांना स्वतःच आयोडीन लावून ती अर्ध्या वाटेवरून परत आली, आणि दुसऱ्या गुरुवारी पुन्हा निघाली. आता ती आठलाच निघे, तरी बेरिलपाशी पोचेपर्यंत जेवण गार झालेलं असे.

सुनावणीच्या सहा आठवडे आधी मिस ऑडलीचा फोन आला. पुरावा चांगला आहे, पण सगळा मे ते सप्टेंबर. ऑक्टोबर ते एप्रिल वहीत एकही सायकलवाला नाही. जुलियनचा वकील म्हणणार, अर्धं वर्ष वाट ओस पडलेली असे. हिवाळ्यात जाणारा एक तरी माणूस हवा, आणि तो सभ्य नको.

  माझ्या आणि थेल्माच्या मनात एकच नाव होतं.

क्लेम गिटिन्स. हेझलहोपमधला सर्वांत तुसडा माणूस. ओल्डवीरच्या लाकूडकापणीच्या गिरणीत कामाला, बावीस वर्षं रोज सकाळी सहाला लाईनवरून जायचा आणि पाचला यायचा. बर्फ, वादळ, नाताळची पूर्वसंध्या, काही नाही. कुणाला विचारणं त्याच्या रक्तात नव्हतं. कर्नल दर नाताळात सगळ्या गावाला फेझंटची जोडी पाठवत. क्लेमने पहिल्याच वर्षी ती परत पाठवली: 'मला पिसं काढायला वेळ नाही.' आमचा अर्जही त्याने भरला नव्हता. थेल्मा त्याच्या घरी गेलीच नव्हती, कारण ती दोघं बावीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती.

क्लेम तेव्हा लाकडाचा ट्रक चालवायचा. त्याला मधूनच झापड येते, क्षणभर काही कळेनासं होतं, हे तपासायला गेलेल्या थेल्माच्या लक्षात आलं. तिने डॉक्टरांना कळवलं, आणि क्लेमचा परवाना गेला. ट्रक गेला, पगार निम्मा झाला, आणि तेव्हापासून गिरणीत साधं हमालाचं काम करत तो जुन्या लोखंडी सायकलवर फिरत राहिला. तिचं बरोबर होतं हे सगळ्यांना माहीत होतं. क्लेमलाही. त्यामुळे राग जास्त.

ती एकटी जाईना. मी बरोबर गेलो.

क्लेम अंगणात सायकल उलटी करून साखळीला तेल घालत होता. त्याने वर पाहिलं, माझ्याकडे.

"हिला काय हवंय?"

"मीच सांगते," थेल्मा म्हणाली. "तू लाईनवरून हिवाळ्यात जायचास. ते सुनावणीत सांगायला हवं."

"अजून जातो."

"फाटक?"

"सायकल वरून टाकतो, मी खालून जातो."

"ते बोलू नकोस तिथे. फाटकाच्या आधीचं विचारतील."

"मी कुठल्या वाटेने येतो ते गिरणीवाल्यांनीसुद्धा कधी विचारलं नाही, तुम्ही कोण विचारणार?" त्याने चाक फिरवलं. "माझा ट्रक काढून घेतलास, नर्सबाई, आणि आता त्याच सायकलीचा पुरावा मागतेस. लाज आहे का?"

"नाही," थेल्मा म्हणाली. "ती ठेवली असती तर तुझ्या ट्रकखाली कुणीतरी मेलं असतं. तेव्हाही नव्हती, आताही नाही. येणार का?"

चाक बराच वेळ फिरत राहिलं. मग तो म्हणाला, "बेरिलने मला शाळेत गणित शिकवलं. गुरुवारी तू येशील का येशील का म्हणून खाटेवरून खिडकीबाहेर बघत असते. गिरणीतून दिसते मला ती खिडकी." आणि थोड्या वेळाने, "कोट घालावा लागेल का?"

सुनावणी सभागृहातच झाली. निरीक्षक म्हणून लंडनहून एक शांत, टक्कल पडलेले गृहस्थ आले होते. ते सगळं हाताने लिहून घेत. जुलियनचा वकील चकचकीत बुटांचा. अर्ज वाचले गेले, डच बाईचं 'कुणाची?' वाचताना निरीक्षकांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग क्लेम उभा राहिला.

"कर्नल लँगस्टन तुम्हाला वाटेत कधी भेटले?" वकिलाने विचारलं.

"पुष्कळदा."

"काय म्हणायचे?"

"सुप्रभात."

"आणि तुम्ही?"

"घंटी वाजवायचो. ते बाजूला व्हायचे."

मागे कुणीतरी खोकलं. वकिलाने मग एक खोका उघडला आणि त्यातून कार्डं काढली. नाताळची, रॉबिन पक्षी आणि होलीची पानं असलेली. सव्वीस. थेल्माच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"मिसेस प्रॉबर्ट, ही तुमची कार्डं?"

"माझीच."

"दरवर्षी एकच वाक्य आहे. वाचतो. 'लाईनवरून जाणाऱ्या आम्हा सगळ्यांतर्फे, तुमच्या कृपेबद्दल मनापासून आभार.' आम्हा सगळ्यांतर्फे." तो निरीक्षकांकडे वळला. "म्हणजे परवानगी एकटीची नव्हती. लाईन वापरणाऱ्या सगळ्या गावाची होती. श्री. गिटिन्सदेखील त्यातच आले."

मी लिहीत होतो, पण लेखणी थांबली. एका बाईच्या सव्वीस सभ्य वाक्यांनी सगळं बुडणार होतं.

निरीक्षक म्हणाले, "मिसेस प्रॉबर्ट, 'आम्हा सगळ्यां'मध्ये तुम्हाला नेमकं कोण अभिप्रेत होतं?"

थेल्मा उठली. तिला हवं तसं बोलता आलं असतं. निरीक्षक तिच्यावर विश्वास ठेवायला तयारच होते असं मला वाटलं.

"शाळामास्तर," ती म्हणाली. "पाद्रीबुवा. बेकरीवाली. हा ऑब्री. सगळी आमची माणसं. त्यांच्यातर्फे मीच लिहायचे, ते खरं आहे. त्यांची नावं खोडा."

"आणि श्री. गिटिन्स?"

"त्याच्यातर्फे? साहेब, मी त्याच्याशी बावीस वर्षं बोलत नव्हते. त्याच्या ट्रकचा परवाना मी घालवला. त्याच्या वतीने मी कुणाचे आभार मानले असते आणि त्याला कळलं असतं, तर त्याने ती बरणी माझ्या खिडकीतून आत फेकली असती."

"दारातून," क्लेम मागून म्हणाला. "खिडकीची काच महाग."

"हे गावात कुणाला माहीत होतं?" निरीक्षकांनी विचारलं.

सभागृहातले सगळे हात वर झाले. जुलियनच्या स्वयंपाकिणीचाही. वकिलाने मागे वळून पाहिलं आणि बसला. निरीक्षकांनी बराच वेळ लिहिलं.

"आणि ते प्रवासी?" त्यांनी शेवटी विचारलं. "डेन्मार्कचे वगैरे?"

"त्यांची मला नावंसुद्धा माहीत नव्हती. वह्या वाचून कळली," थेल्मा म्हणाली.

निकाल नऊ आठवड्यांनी आला. अकरा पानी. लाईन पादचारी, घोडेस्वार आणि सायकलस्वारांसाठी कायमची खुली. मोटारींना मज्जाव. निकालात क्लेमचं नाव चौदा वेळा आहे. माझं एकदाही नाही, कारण मी टोपी काढली होती.

कुलूप काढायचा दिवस थेल्माने मागून घेतला: गुरुवार. अर्धं गाव जमलं. जुलियन स्वतः चावी घेऊन आला, हे त्याला शोभून दिसलं असं म्हणायला हवं. त्याने कुलूप काढलं, फाटक उघडलं, एका हाताने धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने वाट दाखवली.

"या, मिसेस प्रॉबर्ट."

थेल्मा पायंडलवर ठेवलेला पाय खाली घेऊन थांबली.

"फाटक सोड, जुलियन."

"मी फक्त धरतोय..."

"धरू नकोस. तू धरलंस तर मला काहीतरी म्हणावं लागेल."

मी म्हणालो, "थेल्मा, आता निकाल लागलाय, आता म्हटलं तरी..."

"ऑब्री, तू गप्प बस. तू आधीच एकदा टोपी काढलीयस."

जुलियन गोंधळला, लाल झाला, आणि त्याने हात काढला. फाटक करकरत मिटलं. थेल्मा सायकल घेऊन पुढे गेली, खांद्याने रेटून ते स्वतः उघडलं, पलीकडे जाऊन सीटवर बसली आणि दोनतीन पायंडलं मारून बीचच्या सावलीत शिरली. तिच्या मागून क्लेम गेला. गिरणीला उशीर झाला होता, म्हणून घंटी वाजवत.

मी घड्याळ पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं. त्या दिवशी बेरिलचं ताट परत गेलं नाही.